डिस्पोजलचा ट्रक : स्वस्त कुठे, महाग कुठे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

घोटी ही तांदळाची बाजारपेठ आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. इथून भरलेला ट्रक महामार्गाने मुंबईकडे निघाला की इगतपुरीनंतर कसारा घाट उतरतो. म्हणून इथे गाडी घेणाऱ्याने किमतीआधी ब्रेकचा विचार करावा. लष्करातून बाद झालेला, म्हणजे 'डिस्पोजलचा' ट्रक घेताना तर नक्कीच.

अशा गाड्यांची आपल्याला जुनी ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्ड आणि शेवरोले कारखान्यांत उजव्या स्टिअरिंगचे लष्करी ट्रक तयार झाले. त्यांतले बरेच भारतात आले आणि १९४५ नंतर खासगी मालवाहतुकीत उतरले. १९५९ पासून जर्मनीच्या 'मान' कंपनीशी झालेल्या कराराने जबलपूरला 'शक्तिमान' बनू लागला.

लष्करी ट्रक चिखल, वाळू आणि नदीपात्र तुडवण्यासाठी बांधलेला असतो. गरज पडली तर त्याच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देता येतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर हे वरदानच! पण कोरड्या डांबरी रस्त्यावर हा जोर बंद ठेवावा. वळणावर पुढची आणि मागची चाके कमीजास्त अंतर कापतात. चिखलात चाके घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. मग टायर झिजतात, गिअरवर भार येतो. शिवाय ही जादा यंत्रणा वजन वाढवते आणि डिझेल खाते.

आता देखभालीचे पाहू. मीटरवर किलोमीटर कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. रबर चालण्याने झिजते, तसे नुसते उभे राहूनही कडक होते. होजपाइप, सील, टायर बदलण्याचा खर्च आधीच धरावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे, आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

कागदपत्रेही महत्त्वाची. लिलावात माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा मिळतो. लष्करी नंबरावर खासगी मालकाला गाडी चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओत नोंदणी लागते. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणता येईल, असे तर मुळीच गृहीत धरू नये. बोली लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

मग हा ट्रक घ्यावा कोणी? ज्याला रस्ता नसलेल्या ठिकाणी जायचे आहे, अडकलेली गाडी ओढायची आहे, त्याने. रोज मुंबईचे भाडे मारणाऱ्याला साधा ट्रकच परवडतो. लिलावातली किंमत एकदाच द्यायची असते. डिझेल आणि सुटे भाग यांचे पैसे मात्र प्रत्येक खेपेला मोजावे लागतात.