आठ नटांवरचं स्टिअरिंग

दगडधोंड्यांवरून गाडी चढवण्याचा नाद असलेल्या अमेरिकेतल्या मंडळींत एक जुनी टोयोटा पिकअप अजून भाव खाऊन आहे. १९७९ ते १९८५ या काळात तिकडे विकली गेलेली ही फोर-व्हील ड्राइव्हची छोटी ट्रक. १९८६च्या मॉडेलपासून कंपनीने पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर नेली. रस्त्यावर गाडी त्यामुळे मऊ चालू लागली, पण कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटांवर जाणाऱ्यांना आधीचीच गाडी हवी होती. तिचा पुढचा ॲक्सल या चाकापासून त्या चाकापर्यंत अखंड, सस्पेन्शनला पोलादी पाटे, आणि बिघाड झालाच तर झाडाखाली बसून उघडता येईल अशी घडण. अशी ट्रक हाती आली की मालक आधी ती उंच करतो, मग ३५ इंची टायर चढवतो. पहिल्या दोन-चार खडकांवर दोन चाकांना जोडणारा टाय रॉड धनुष्यासारखा वाकला की त्याला स्टिअरिंग आर्म, म्हणजे दांड्यांचा जोर चाकांपर्यंत नेणारे हात, आठवतात. कॅटलॉग उघडला की समोर आर्मची जाडी, पोलादाचा दर्जा आणि वजन. माझं म्हणणं असं, की या तीन गोष्टी सगळ्यांत शेवटी बघाव्यात. आधी दांड्यांचे कोन, मग आर्म धरून ठेवणारे स्टड, आणि उरलेच पैसे तर जाडी.

कोनाला एवढं महत्त्व का, हे शाळेतल्या पायथागोरसने कळतं. मूळ टोयोटात स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म पुढे-मागे हलतो आणि चॅसीला जवळपास समांतर जाणारा आखूड ड्रॅग लिंक डाव्या चाकाचं नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा चाकासकट वळणारा सांधा, ढकलतो किंवा ओढतो. डाव्या चाकाची हालचाल टाय रॉड उजव्याला कळवतो, आणि तो टाय रॉड पाट्यांच्या खालून जातो. गाडी उंच केली की बॉक्स चॅसीबरोबर वर जातो, नकल मात्र ॲक्सलपाशीच राहतं, आणि मधला दांडा तिरपा होतो. आता ९०० मिलिमीटर लांबीचा एक दांडा घ्या. त्याच्या दोन टोकांच्या उंचीत २०० मिलिमीटरचा फरक आहे आणि चाक खड्ड्यातून ७५ मिलिमीटर वर आलं, असं धरा. दांड्याची आडवी लांबी ८७७ वरून ८९१ मिलिमीटरवर जाते. म्हणजे चालकाने हात हलवलेला नसताना पलीकडचं टोक जवळजवळ १४ मिलिमीटर सरकलं. आर्म १५० मिलिमीटरचा असेल तर चाक पाचेक अंशांनी आपणहून वळलं. तोच दांडा फक्त ५० मिलिमीटरच्या फरकाने बसवला असता, तर तेवढ्याच धक्क्याला टोक एका मिलिमीटरच्या आसपास सरकलं असतं. याला बम्प स्टिअर म्हणतात. आर्म दुप्पट जाड केला तरी या १४ मिलिमीटरांतला एकही कमी होत नाही.

म्हणूनच जाणकार जो बदल करतात त्यात आर्म हा एकूण मांडणीचा एक तुकडा असतो. पिटमन पुढे-मागे हलवणारा बॉक्स काढून तो आडवा हलवणारा बॉक्स बसवतात. त्यासाठी १९८६पासूनच्या टोयोटा पिकअपचाच बॉक्स पुष्कळदा वापरला जातो. ड्रॅग लिंक मग गाडीच्या रुंदीतून पलीकडच्या नकलपर्यंत जातो. तो लांब झाल्यामुळे तेवढ्याच उंचीला त्याचा कोन आपोआप कमी होतो. यापुढची पायरी हाय-स्टिअर आर्मची. हे आर्म दोन्ही नकलांच्या माथ्यावर बसतात आणि टाय रॉड व ड्रॅग लिंक दोन्ही पाट्यांच्या वर उचलतात. दांडे आडवे होतात आणि खडकाच्या तडाख्यातून सुटतात. आर्म निवडताना पहिला प्रश्न त्याच्या उंचीचा: पाटे पूर्ण दबले, ॲक्सल बम्प स्टॉपला टेकला, तरी टाय रॉड पाट्याला, चॅसीला किंवा इंजिनाच्या तळाला लागता कामा नये. हे कागदावर ठरत नाही. गाडी जॅकवर घेऊन, पाटे सोडवून, ॲक्सल हाताने वर-खाली करून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवूनच बघावं लागतं. म्हणून सस्पेन्शनचं काम संपण्याआधी आर्म विकत घेणं म्हणजे बाजारात तुरी. दुसरा प्रश्न भोकाच्या अंतराचा. नकल ज्या अक्षावर फिरतं तिथपासून दांड्याचं भोक जितकं लांब, तितकं स्टिअरिंग हलकं पण मंद, आणि चाक वळतंही कमी. भोक जवळ असेल तर चाक चटकन आणि जास्त वळतं, पण बॉक्सवर ताण येतो. मोठे टायर आणि पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल) असेल तर मी लांब भोकाच्या बाजूने मत देईन.

आता स्टडांकडे. या नकलच्या माथ्यावर आर्म चार स्टडांवर बसतो. मूळ गाडीत डाव्या नकलच्या माथ्यावर एक छोटा आर्म होता, उजवीकडे साधी टोपी. हाय-स्टिअरमध्ये त्याच चार स्टडांवर चाक वळवण्याचा सगळा भार येतो, आणि दांडे उंच उचलल्यामुळे आर्म उपटून काढू पाहणारा जोरही वाढतो. ज्या उंचीने कोन सुधारला तीच स्टडांच्या मुळावर येते. म्हणून आर्मखाली ठोकळे घालून अजून उंची मिळवणं मला धोक्याचं वाटतं. चार स्टड एवढा भार पेलतात तरी कसे? स्टड आडवा जोर स्वतःच्या अंगावर घेत नाही, घेऊही नये. त्याचं काम आर्मला नकलवर दाबून धरण्याचं. आडवा जोर पेलतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. उदाहरणादाखल १२ मिलिमीटरच्या स्टडचा नट ९० न्यूटन-मीटरने आवळला, तर ढोबळ हिशेबाने एकेक स्टड पावणेचार टनांच्या आसपास दाब देतो. चारांचे मिळून पंधरा टन, आणि घर्षणाच्या जिवावर दोन टनांहून जास्त आडवा जोर आर्म न सरकता सहन होतो. नट थोडा सैल पडला की हा हिशेब कोसळतो. आर्म केसभर सरकायला लागतो, स्टड दर धक्क्याला वाकतो, सरळ होतो, आणि काही दिवसांनी सपाट रस्त्यावरही तुटतो. लोक म्हणतात स्टड कच्चा होता. बहुतेक वेळा तो आधी सैल झालेला असतो. सांध्याच्या कडेला दिसणारी तांबूस भुकटी हीच त्याची खूण.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मूळ आर्म चाळीस वर्षं टिकले, मग बदलायचे कशाला? मूळ टायर आणि मूळ उंची असेल तर हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे; अशा गाडीला हात लावू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: जाड आर्म घेतला तर नुकसान काय? नुकसान असं की काहीतरी कुठेतरी वाकणारच. चाक दोन दगडांत अडकलं आणि चालकाने पॉवर स्टिअरिंगवर जोर लावला, त्यातही हायड्रॉलिक मदतीचा सिलिंडर बसवलेला असला, तर तो जोर जिरवायला कोणीतरी हवा. टाय रॉड वाकला तर चाकं फेंगडी होतात, पण गाडी रखडत का होईना, घरी येते. स्टड तुटले तर एक चाक चालकाच्या ताब्यातून पूर्ण जातं. बैलगाडीच्या चाकाची आरी मोडली तर गाडी लंगडते. आसाची कुणी निसटली तर चाकच निघून जातं. म्हणून दांडा जाड नळीचा असावा, पण सांध्यापेक्षा हट्टी असू नये. जड आर्मवर जाणारा पैसा चांगल्या प्रतीच्या स्टडांवर, किंवा जिथे परवडेल तिथे सहा स्टडांच्या नकलवर घालावा. तिसरा आक्षेप काटकसरीचा: खाली झुकलेला पिटमन आर्म बसवला तरी ड्रॅग लिंकचा कोन सुधारतो. सुधारतो खरा, पण टाय रॉड होता तिथेच, दगडांच्या तोंडी राहतो आणि बॉक्सच्या शाफ्टवर पिळाचा जोर वाढतो. रस्त्यावरच्या थोड्या उंच गाडीला चालेल, खडकांवर नाही.

बसवण्याच्या कामात घाई कुठे नडते, तर स्वच्छतेत. जुने नट काढले की स्टडाभोवती चिरलेले, शंकूच्या आकाराचे वॉशर दिसतात. ते पान्याने निघत नाहीत. आर्मवर पितळी ठोकणीने घाव घातले की टणकन उडतात. तेच वॉशर आर्मला स्टडाभोवती मधोमध धरतात, म्हणून नवेच घालावेत आणि नव्या आर्ममध्ये त्यांच्यासाठी तसाच उतार कोरलेला आहे ना, हे खरेदीच्या वेळीच बघावं. नकलची आणि आर्मची समोरासमोर बसणारी पृष्ठं उघड्या धातूपर्यंत पुसायची. आर्म रंगवलेला किंवा पावडर-कोट केलेला आला असेल तर तेवढ्या भागाचा रंग खरवडून काढायचा. दिसायला छान असलेला तो थर दाबाखाली हळूहळू चेपतो आणि नट न फिरताच सांधा सैल होतो. आर्मखाली पातळ शिमही असतात. त्या फेकून द्यायच्या नाहीत, कारण नकलच्या वरच्या-खालच्या बेअरिंगवरचा दाब आणि नकलचा मध्य त्यांच्यावरच ठरतो. बरोबर दाब आहे की नाही हे बघायला चाक व ॲक्सल शाफ्ट जोडण्याआधी आर्मच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून नकल ओढतात आणि ते कुठल्या आकड्याला हलायला लागतं ते मॅन्युअलशी ताडून बघतात. बॉल जॉइंटच्या खाचांच्या नटात स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. शेवटी टो-इन नव्याने लावायचं, कारण दांड्याची लांबी बदललेली असते.

हे सगळं आपल्याकडे किती लागू? मारुती जिप्सीचा पुढचा ॲक्सल असाच अखंड, खाली पाटे आणि टोकाला बंद गोलाचं नकल असलेला आहे. सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात आणि काळ्या पाषाणावर उंच केलेल्या जिप्सींना वरचा कोनाचा हिशेब जसाच्या तसा लागतो. २०२०च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे ही पद्धतच नाही. आपल्याकडचा खरा धोका वेगळा आहे: मूळ आर्म गॅसने लाल करून वाकवणं, किंवा त्याला तुकडा वेल्ड करून लांबवणं. लेथवाल्याच्या हातात कसब असतं याबद्दल वाद नाही, पण तापवलेल्या पोलादाचं मूळ पाणी उतरतं आणि वेल्डच्या कडेची भेग डोळ्याला दिसत नाही. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर हे करू नये. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. म्हणून अशी गाडी खासगी जागेतल्या ट्रॅकपुरतीच ठेवावी, तिथपर्यंत ट्रेलरवर न्यावी, आणि अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार आधी करावा.

बसवून झाल्यावर पहिल्या फेरीनंतर, आणि पुढे प्रत्येक फेरीनंतर, एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटकावं, दुसऱ्याने आर्म आणि नकलच्या सांध्यावर बोट ठेवावं. बोटाला टिकटिक जाणवली तर गाडी तिथेच थांबवावी. जाणवली नाही तरी टॉर्क रेंच घेऊन वरचे नट तपासावेत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. दहा मिनिटांचं काम आहे.