दोन वक्रांमधली जागा रंगवताना

थिसिसच्या पहिल्या मसुद्यात मी दोन वक्रांमधली जागा छान निळ्या-जांभळ्या छटांनी भरली होती. गाईडनी एकच प्रश्न विचारला: "हा रंग काय मोजतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून ही पोस्ट.

आधी एक छोटा प्रयोग करा. एक्सचा वर्ग हा एक वक्र काढा आणि तोच २ ने वर सरकवून दुसरा. अंतर सगळीकडे २ च आहे. पण आलेख जिथे उभा चढतो तिथे दोन्ही वक्र जवळ आल्यासारखे वाटतात. कारण आपला डोळा उभं अंतर मोजत नाही, वक्रांमधलं सगळ्यात कमी अंतर मोजतो.

हा घोटाळा जुना आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ च्या ॲटलासमध्ये इंग्लंडची आयात आणि निर्यात अशा दोन रेषा काढून तफावत दाखवली होती. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये त्याचाच ईस्ट इंडीजच्या व्यापाराचा आलेख तपासला. १७६० नंतर तफावत झपकन वाढून पुन्हा उतरते, पण मूळ आलेखात ते चटकन दिसतच नाही! वजाबाकी करून वेगळी रेषा काढली की लगेच दिसतं.

म्हणजे रंगाला काम द्यायचं असेल तर हे द्या: प्रत्येक ठिकाणचा रंग तिथल्या उभ्या फरकावरून ठरू दे.

आता मॅटप्लॉटलिबमध्ये हे कसं करायचं ते बघू.

'फिल बिट्वीन' हे फंक्शन जागा भरतं, पण एका वेळी एकाच रंगाने. कोणता वक्र वर आहे एवढंच दाखवायचं असेल तर 'व्हेअर' ही अट देऊन ते दोनदा वापरा. 'इंटरपोलेट' ट्रू ठेवायला विसरू नका, नाहीतर वक्र छेदतात तिथे पांढरी फट राहते.

सलग बदलणारा रंग हवा असेल तर:

१. दोन वक्रांची वजाबाकी करा आणि ती एका ओळीच्या द्विमितीय ॲरेमध्ये ठेवा.
२. तो ॲरे 'इमशो'ने चित्र म्हणून काढा. 'एक्स्टेंट'मध्ये अक्षांच्या मर्यादा द्या, 'ॲस्पेक्ट' ऑटो ठेवा.
३. 'फिल बिट्वीन'ने बिनरंगी आकार बनवा, त्याचा पाथ घ्या आणि 'सेट क्लिप पाथ'ने चित्र त्या आकारात कापा. सोबत 'ट्रान्सडेटा' द्यावंच लागतं.

थोडक्यात, रंगीत कागद मागे ठेवायचा आणि कात्रीने वक्रांच्या आकारात कापायचा.

इथे एक खाच आहे. 'इमशो' सगळे बिंदू समान अंतरावर आहेत असं धरून चालतं. तुमची निरीक्षणं तशी नसतील तर आधी समान अंतरावर इंटरपोलेट करा, नाहीतर रंग चुकीच्या जागी पडेल आणि कोड काहीच तक्रार करणार नाही. लूपमध्ये शेकडो बारीक पट्ट्या भरण्याचा सोपा मार्गही आहे, पण पीडीएफमध्ये पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या रेघा दिसू शकतात.

शेवटी रंगांची निवड. फरक धन-ऋण होत असेल तर लाल-निळ्यासारखा दुतर्फा कलरमॅप घ्या आणि दोन्ही बाजूंची मर्यादा सारखी ठेवा, म्हणजे शून्य बरोबर मधल्या फिक्या रंगावर येईल. फरक एकाच चिन्हाचा असेल तर व्हिरिडिस पुरेसा आहे. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेकांना तो फरक दिसत नाही. आणि कलरबार हवाच, एककासकट.

मी माझी आकृती अशी परत काढली, तेव्हा जिथे "फरक कमी होतोय" असं मी मजकुरात लिहिलं होतं तिथे रंग जराही बदलत नव्हता. ते वाक्य खोडावं लागलं. परीक्षकांनी खोडण्यापेक्षा ते बरं, नाही का?