मोतीबिंदूचे ‘पिकणे’ आणि कृत्रिम नेत्रभिंग

‘मोतीबिंदू अजून पिकलेला नाही’ हे वाक्य मराठी घरांतून आजही ऐकू येते. यातील ‘पिकणे’ हे क्रियापद एके काळी निव्वळ अलंकारिक नव्हते. त्या काळच्या शस्त्रक्रियेची ती एक अटच होती. शस्त्रक्रिया पालटली, शब्द मात्र टिकून राहिला, आणि शब्दाबरोबर थांबून राहण्याचा सल्लाही टिकला. यास्तव या विषयाचे विवेचन शब्दापासून आरंभणे उचित होय.

डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. सुमारे दोन-तृतीयांश कार्य पुढील पारदर्शक पारपटल करते, उरलेले बाहुलीमागचे नेत्रभिंग करते. या भिंगातील प्रथिनांची रचना बिघडून ते गढूळ झाले म्हणजे त्यास मोतीबिंदू म्हणतात. अर्थात तो डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, थेंबही नव्हे. ‘काचबिंदू’ हे नाव तर अधिकच फसवे आहे. आयुर्वेदात ‘काच’ ही संज्ञा तिमिर व लिंगनाश यांच्याशी निगडित आहे. आजचा काचबिंदू हा मात्र दृष्टिचेतेचा विकार असून त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. दोहोंस एकाच जातीचे समजून ‘पिकण्याची’ वाट पाहणारा रुग्ण दृष्टी कायमची गमावू शकतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर शलाकेने करावयाची क्रिया वर्णिली आहे. शलाकेच्या अशा क्रियांत गढूळ भिंग दृष्टिमार्गातून बाजूस सारले जाई. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनी ते छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धती रूढ केली. पक्व भिंग सुटे होऊन सहज निघे. अपक्व भिंगाचे अवशेष आत राहून दाह होई. ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे कारण ते हे. शस्त्रक्रियेनंतर भिंगाविना राहिलेल्या डोळ्यास जाड चष्मा लागे आणि त्यातून वस्तू सुमारे एक-चतुर्थांशाने मोठ्या दिसत.

ही उणीव हॅरल्ड रिडली यांनी दूर केली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे अॅक्रिलिक कण डोळा सहन करतो, असे त्यांस आढळले. त्याच जातीच्या द्रव्याचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात प्रथम बसविले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंगाचे चूर्ण करून ते शोषून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. छेद लहान झाला; त्यातून घडी घालून सरकविता येणारी भिंगे निघाली. आता पक्वता हीच अडचण ठरली, कारण कठीण भिंग फोडण्यास अधिक ऊर्जा लागते व तिची झळ पारपटलास पोहोचते. अतिपक्व भिंगामुळे डोळ्यातील दाबही वाढू शकतो. म्हणून ‘पिकला का?’ याऐवजी ‘नित्याच्या कामात अडथळा येतो का?’ हा प्रश्न आज विचारावयाचा असतो.

भिंगाची शक्ती डोळ्याची लांबी व पारपटलाची वक्रता मोजून ठरवितात. लांबीच्या मापात एक मिलिमीटर चूक झाल्यास चष्म्याच्या क्रमांकात सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरांचा फरक पडतो. एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दृष्टी देते. दूरसाठी ते बसविल्यास वाचनास चष्मा लागतो. पारपटलाची वक्रता विषम असल्यास टोरिक भिंग उपयोगी पडते. बहुकेंद्री भिंग प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी विभागते. त्यामुळे चष्म्याची गरज घटते, परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि छायाभेद मंदावतो. विस्तारित-केंद्री भिंग दूर व मध्यम अंतर साधते, बारीक अक्षरांस बहुधा चष्मा लागतोच. तात्पर्य, किंमत ही गुणवत्तेची खूण नव्हे. रात्री वाहन चालविणाऱ्यास किंवा दृष्टिपटलाचा विकार असणाऱ्यास साधे एककेंद्री भिंगच पुष्कळदा हितावह ठरते. अशी भिंगे अल्प किमतीत मिळावीत या हेतूने मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही निर्मितीशाळा काढली.

चष्मा घालविण्यासाठी तरुण वयात करतात ती लेसर-क्रिया पारपटलावर होते. नैसर्गिक भिंग तसेच राहते, म्हणून पुढे मोतीबिंदू होऊ शकतोच. शिवाय बदललेल्या वक्रतेमुळे भिंगाचे गणित कठीण होते. मूळ मापांची नोंद म्हणून जपून ठेवणे इष्ट. ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ हा प्रयोगही यथार्थ नव्हे: भिंग ज्या पिशवीत बसविलेले असते तिचा मागचा पापुद्रा काहींच्या बाबतीत गढुळतो, आणि लेसरने त्यास छिद्र पाडले की दृष्टी पुन्हा स्वच्छ होते.

शब्द विज्ञानामागून सावकाश येतात, यात नवल नाही. परंतु जेथे शब्दच उपचाराचा काळ ठरवितो, तेथे त्याचा जुना अर्थ ओळखून बाजूस ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.