करवंटीतला संसार

वारणानगरात ड्वार्फ सिक्लिड हे छोटे शोभेचे मासे पाळायचे असतील तर पहिली खरेदी माशांची करू नये. आधी पन्हळीखाली एक स्वच्छ पिंप ठेवावं. मृगाच्या पहिल्या सरींनी छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन जाऊ द्यावी, आणि मग आषाढात पडेल ते पाणी झाकून साठवावं. या छंदातलं निम्मं काम इथंच होतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण या माशांच्या माहेरी आहे. निळ्या ठिपक्यांचा राम सिक्लिड व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला, तर अपिस्टोग्रामाच्या बहुतेक जाती अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतल्या. तिथल्या अनेक ओढ्यांच्या तळाशी कुजत्या पानांचा थर असतो. पाणी चहासारखं तांबूस, किंचित आंबट, आणि त्यात क्षार जवळजवळ नाहीत. आपल्या बोअरचं पाणी येतं काळ्या पाषाणातून. चहाच्या भांड्याला बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. अशा पाण्यात मोठे मासे तगतात, पण अंडी फळायची मारामार. बरीचशी पांढरी पडतात आणि बुरशी धरतात.

मात्र निव्वळ पावसाचं पाणीही घालू नये. आम्लता सावरून धरणारे क्षार त्यात नसल्यामुळे सामू एकाएकी कोसळतो. मी तीन भाग पावसाचं आणि एक भाग एक दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी घेतो, आणि पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसल्या टीडीएस मीटरने त्यातले क्षार मोजून पाहतो. बाकीचं सामान गावातलंच. देशी बदामाची लाल होऊन गळलेली पानं धुऊन, वाळवून टाकीत सोडायची. त्यांतला टॅनिन पाण्याला तांबूस रंग देतो. फिल्टर स्पंजचाच हवा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. आणि हवी नारळाची करवंटी, कडेला अंगठ्याएवढी खाच पाडून पालथी घातलेली.

या करवंटीतच खरा संसार मांडतो. अपिस्टोग्रामा ककाटुइडिस या जातीचा नर सुमारे आठ सेंटिमीटरचा, मादी पाचाची. मादी आत शिरून उलटी होते आणि छताला अंडी चिकटवते. त्या दिवसापासून तिचा रंग पालटतो. अंग हळदीसारखं पिवळंधमक, त्यावर काळ्या खुणा. नराला ती फिरकू देत नाही. मी काचेला नाक लावून बसलो की खाचेतून तिचा पिवळा चेहरा तेवढा दिसतो. ती परांनी अंड्यांना वारा घालत असते. तीन-चार दिवसांनी अंडी फुटतात, आणखी पाचेक दिवसांनी पिल्लांचा घोळका तिच्यामागून बाहेर पडतो. ती अंगाला एक झटका देते आणि सगळी पिल्लं तळाला चिकटून निपचित होतात. हे मी कितीदा तरी पाहिलं, तरी उठवत नाही. या वयात त्यांना मिठाच्या पाण्यात दीड दिवसात उबवलेले आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची पिल्लं लागतात, दिवसातून निदान दोनदा.

थंडीचा विचार वेगळा करावा लागतो. ऊसतोडीच्या दिवसांत इथं पहाटे टाकीचं पाणी बरंच उतरतं, आणि रामला तर 27 ते 30 अंश हवेत. हीटर लागतोच. वीज गेली की टाकीभोवती घोंगडं गुंडाळायचं. अपिस्टोग्रामाच्या बाबतीत तापमानाचं आणखी एक कोडं आहे. 1996 साली रोमर आणि बाइझनहर्झ या जर्मन संशोधकांनी या माशांच्या अनेक जाती वेगवेगळ्या तापमानात वाढवून पाहिल्या. पाणी जितकं गरम, तितके नर जास्त. थंड पाण्यात माद्या जास्त. काही जातींत सामूचाही हात असतो. म्हणजे वीण नुसती नरांची निघाली, तर दोष जोडीला लावण्याआधी थर्मामीटर पाहावा.

आपल्या देशातही सिक्लिड आहेत, आणि त्यांचा मला विशेष जिव्हाळा आहे. गोव्यात ताटात येतो तो कालुंदर याच कुळातला. त्याचा धाकटा भाऊ ऑरेंज क्रोमाइड, आठ सेंटिमीटरच्या आसपासचा, दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनारी पाण्यातला. त्याची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खात वाढतात. या दोघांचे जवळचे नातलग मादागास्करात सापडतात, भूखंड तुटण्याआधीच्या काळाची ती खूण मानली जाते.

पण याच कुळातल्या चिलापीने दाखवलेलंही विसरू नये. 1952 साली ती बाहेरून भारतात आली, तलावांतून नद्यांत पसरली, आणि आज उजनी धरणाच्या पाण्यात जाळ्यात ढिगाने येते. देशी माशांची जागा तिने व्यापली. आपली वारणा पाथरपुंजजवळ उगवून हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्यात सह्याद्रीचे स्वतःचे मासे आहेत. टाकीतला एखादा जीव नकोसा झाला, पिल्लं जास्त झाली, तर ती दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या पाळणाऱ्याला द्या. दया म्हणूनसुद्धा वारणेत सोडू नका.