अल कपोनची चोपडी

१९३० सालचा उन्हाळा. शिकागोतल्या सरकारी इमारतीत आयकर खात्याचा तपासनीस फ्रँक विल्सन रात्री उशिरापर्यंत जुनी दप्तरं उपसत बसला होता. डोळे चुरचुरत होते, घरी जायची वेळ कधीच टळून गेली होती. एका अडगळीतल्या कपाटात त्याला तपकिरी कागदात बांधलेलं पुडकं सापडलं. सोडलं तर आत हिशेबाच्या चोपड्या. रकान्यांवर मथळे होते: क्रॅप्स, एकवीस, फेरो, रूलेट, घोडे. खाली आकडे, बेरजा, आणि नफ्याची वाटणी. दीड वर्षाचा नफा पाच लाख डॉलरच्या वर!

या चोपड्या १९२६ साली सिसेरो या शिकागोला लागून असलेल्या गावातल्या जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला तेव्हा जप्त झाल्या होत्या. चार वर्षं सरकारच्याच कपाटात धूळ खात पडल्या होत्या. कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या.

अमेरिकन गँगस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? तिरकी हॅट, ओठात चिरूट, हातात टॉमी गन, काळ्या मोटारीतून गोळीबार. चित्र अगदीच खोटं नाही. १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोच्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांपैकी दोघं पोलिसांच्या वेशात होते. हे घडलं तेव्हा शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन फ्लोरिडात होता, ज्याच्यासाठी हा सापळा असल्याचं मानलं जातं तो त्याचा प्रतिस्पर्धी बग्ज मोरान गॅरेजमध्ये पोचलाच नव्हता, आणि या सात खुनांसाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. पण बंदुकीचा आवाज मोठा असतो, म्हणून तो लक्षात राहतो. धंदा चालायचा तो चोपडीवर. आणि गैरसमजांची मुळं बहुतेक इथेच आहेत.

कपोनला एलियट नेसने पकडलं, हा सगळ्यात लाडका समज. नेस दारूबंदी खात्यातला तरुण अधिकारी. त्याने दहाएक माणसांची तुकडी घेऊन कपोनच्या दारूभट्ट्या फोडल्या, हे खरं आहे. दारूबंदी मोडल्याचे पाच हजार आरोप कपोनवर ठेवले गेले, हेही खरं. पण तो खटला कधी उभाच राहिला नाही. नेसचं आठवणींचं पुस्तक ‘द अनटचेबल्स’ १९५७ साली आलं. ते छापून येण्याआधीच तो वारला. मग दूरदर्शन मालिका, मग १९८७चा सिनेमा, आणि नेस अमर झाला. विल्सनचं नाव मात्र आज कोणाला आठवत नाही. तो बेरजा करत होता ना!

त्याच्या कामाला जमीन तयार करून दिली होती १९२७च्या एका निकालाने. साउथ कॅरोलायनातल्या सलिव्हन नावाच्या दारूविक्याचं म्हणणं होतं की, बेकायदा कमाई विवरणपत्रात लिहिली तर मी आपणहून गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, आणि राज्यघटनेप्रमाणे मला तसं करायला लावता येत नाही. युक्तिवाद चलाख होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: पैसा पांढरा असो की काळा, कर भरावाच लागेल.

आता प्रश्न असा की चोपडी कपोनची हे सिद्ध कसं करायचं? त्याचं ना बँकेत खातं, ना नावावर मालमत्ता. विल्सनने अक्षरावरून अड्ड्याचा जुना रोखपाल लेस्ली शमवे हुडकून काढला, तो मायामीत सापडला. एका पाद्रीबुवांचीही साक्ष झाली. १९२५मध्ये गावकऱ्यांनी त्याच अड्ड्यावर छापा घालायला लावला होता तेव्हा हे पाद्री सोबत होते. दाढी न केलेला, कोटाच्या आत झोपायचा सदरा तसाच असलेला एक गृहस्थ तणतणत आला आणि या जागेचा मालक मी आहे असं सगळ्यांदेखत म्हणाला. झोपमोड झालेल्या कपोनचं ते एक वाक्य सहा वर्षांनी कोर्टात उभं राहिलं. कपोनच्या वकिलानेही हातभार लावला. तडजोड होईल या आशेने त्याने सरकारला पत्र लिहून काही वर्षांचं उत्पन्न मान्यच करून टाकलं. ज्युरींना फोडण्याचा बेत न्यायाधीशांना कळला होता. खटला सुरू व्हायच्या दिवशी त्यांनी ज्युरींची अख्खी यादीच शेजारच्या कोर्टाशी बदलून घेतली. ऑक्टोबर १९३१मध्ये कपोनला अकरा वर्षांची कैद आणि ५०,००० डॉलर दंड झाला.

दुसरा समज: गँगस्टर म्हणजे सिसिलीचे इटालियन. कपोनच मुळात सिसिलियन नव्हता. आईवडील नेपल्सकडचे, तो स्वतः न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. त्याचे पैसे सांभाळणारा जेक गझिक ज्यू होता, आणि राजकारणी व कामगार संघटना हाताळणारा मरे हम्फ्रीज वेल्श आईबापांचा. टोळीवाला मायर लॅन्स्की आताच्या बेलारूसमधल्या ग्रोद्नो शहरातून आलेला ज्यू. मोठ्या टोळीप्रमुखांपैकी सरकारने मृत्युदंड दिला तो एकालाच, लेपके बुकॉल्टरला, १९४४ साली विजेच्या खुर्चीत. तोही ज्यूच. आयरिश टोळ्यांची यादी वेगळीच. नव्याने आलेल्या, गरीब, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या वस्त्यांमधून ही माणसं आली. त्या वस्त्या ज्यांच्या, टोळ्याही त्यांच्या.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हा धंदा कृष्णवर्णीयांच्या हातात होता, आणि तिथे मराठी वाचकाला एकदम ओळखीचं काहीतरी भेटतं. धंद्याचं नाव ‘नंबर्स’. तीन आकडे लावायचे. पाच-दहा सेंटसुद्धा चालत. निकाल कोण लावणार? तर न्यूयॉर्कच्या बँकांच्या क्लिअरिंग हाउसची उलाढाल रोज वर्तमानपत्रात छापून यायची, तिच्यातले ठरलेले आकडे घ्यायचे. फिरवाफिरवीचा संशय नको! शक्यता हजारात एक, आणि लागला तर साधारण सहाशे पट. उरलेलं चालवणाऱ्याचं. स्टेफनी सेंट क्लेअर नावाची कॅरिबियन बेटांवरून आलेली बाई हार्लेममध्ये अशीच एक ‘बँक’ चालवायची, आणि पोलिस हप्ते खातात म्हणून वर्तमानपत्रांत पैसे देऊन जाहिराती छापायची. १९३१च्या सुमारास क्लिअरिंग हाउसने तपशीलवार आकडे देणं थांबवलं, तेव्हा खेळ घोड्यांच्या शर्यतीच्या आकड्यांवर गेला.

मुंबईचा आकडा आठवतोय ना? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांच्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच चिकटले. १९६१मध्ये तो भाव मिळणं बंद झालं. मग चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायला सुरुवात झाली, आणि कल्याणजी भगत, रतन खत्री यांचा मटका गिरणगावात घरोघरी पोचला. दोन्हीकडे युक्ती एकच: धंदा बेकायदा, पण निकाल एखाद्या प्रतिष्ठित संस्थेच्या छापील आकड्यावर. गरिबाचा विश्वास बसायला आणखी काय लागतं?

हार्लेमच्या या चिल्लर पैशांवर डच शुल्ट्झ या टोळीवाल्याचा डोळा गेला. धाकदपटशाने त्याने धंदा बळकावला, पण त्याचं खरं हत्यार ओटो बर्मन नावाचा माणूस होता. बर्मनला तोंडी हिशेबाचं विलक्षण वरदान होतं. त्या दिवशी कोणत्या आकड्यावर जास्त पैसे लागलेत हे कळलं, की शेवटच्या क्षणी शर्यतीवर नेमकी रक्कम लावून तो निकालाचा आकडाच हलवायचा, म्हणजे भारी आकडा फुटायचा नाही. ऑक्टोबर १९३५मध्ये नूअर्कच्या एका खाणावळीत शुल्ट्झवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा बर्मनही त्याच्यासोबत होता. दोघेही त्यात मेले.

दारूबंदीनेच गुंडगिरी जन्माला घातली, असंही सर्रास लिहिलं जातं. दारूबंदी १७ जानेवारी १९२०ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ला उठली. (पिणं गुन्हा नव्हतंच, बंदी होती ती बनवण्यावर, विकण्यावर आणि नेण्या-आणण्यावर. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची.) पण शिकागोत बिग जिम कोलोसिमो त्याच्या कितीतरी आधीपासून वेश्यागृहं आणि जुगार चालवत होता, आणि वॉर्डातल्या नगरसेवकांसाठी मतं गोळा करून देत होता. १९२०च्या मे महिन्यात त्याचा खून झाला. अंत्ययात्रेला न्यायाधीश आणि नगरसेवक हजर! दारूबंदीने या घडी बसलेल्या दुकानाला भांडवल पुरवलं, एवढंच. बंदी उठल्यावर दुकान बंद झालं नाही, माल बदलला.

१९३१च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचा डॉन साल्वातोरे मारान्झानो त्याच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या कचेरीत मारला गेला. मारेकरी सरकारी माणसं असल्याची बतावणी करून शिरले होते. पुस्तकांतून असं सांगतात की, त्याच रात्री देशभरात चाळीस-साठ म्हाताऱ्या ‘मिशाळ’ डॉनांचा फडशा पडला. अभ्यासकांनी त्या आठवड्यातली निरनिराळ्या शहरांतली वर्तमानपत्रं चाळली, तर जोडता येतील असे खून हातावर मोजण्याइतके निघाले. गोष्ट मात्र पुस्तकांतून सुटायला तयार नाही.

मादक द्रव्यांना माफिया शिवत नसे, हे तर निव्वळ शुगरकोटिंग. एका माफिया ‘कुटुंबा’च्या, म्हणजे टोळीच्या, प्रमुख व्हिटो जेनोव्हेझेला १९५९ साली शिक्षा झाली ती मादक द्रव्यांच्याच कटात. १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या हेरॉइन खटल्याला ‘पिझ्झा कनेक्शन’ नाव पडलं, कारण माल आणि पैसा पिझ्झाच्या दुकानांतून फिरत होता.

लास व्हेगास बग्जी सीगल या गँगस्टरने वाळवंटात वसवलं? गाव १९०५चं, नेवाडात जुगार कायदेशीर झाला १९३१मध्ये, आणि ज्याला पुढे ‘स्ट्रिप’ म्हणू लागले त्या रस्त्यावरचं पहिलं जुगार-हॉटेल १९४१मध्ये उघडलं. सीगलचं म्हणून मिरवणारं फ्लेमिंगो हॉटेलसुद्धा बिली विल्करसन नावाच्या प्रकाशकाने सुरू केलं होतं. पैसे संपल्यावर सीगल त्यात घुसला. डिसेंबर १९४६मध्ये हॉटेल उघडलं, जूनमध्ये सीगलचा खून झाला.

आता ‘गॉडफादर’. मारिओ पुझोने स्वतः कबूल केलं होतं की, पुस्तक लिहिण्याआधी तो एकाही खऱ्या गँगस्टरला भेटला नव्हता, सगळं वाचून लिहिलं. सिनेमाच्या वेळी खरा टोळीप्रमुख जो कोलंबो याने इटालियन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी संघटना काढली आणि निर्मात्यांवर दबाव आणून पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढायला लावला. माफिया नावाचं काही नाहीच, असं माफियाचा प्रमुख जाहीर सभांमधून सांगत होता! पुढे खऱ्या टोळीवाल्यांनीच सिनेमातल्या माणसांसारखं बोलायला सुरुवात केली. पुझोचा शब्द आपल्याकडेही मुक्कामाला आला. मराठी नट मुलाखतीत ‘इंडस्ट्रीत मला कोणी गॉडफादर नव्हता’ म्हणतो, तेव्हा त्याला खंडणी आणि खून अभिप्रेत नसतात, वशिला अभिप्रेत असतो. खरं सांगायचं तर तो पुझोपेक्षा वस्तुस्थितीच्या जास्त जवळ आहे.

कारण १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या टोळ्यांचा एक मोठा धंदा बघा: काँक्रीट. वीस लाख डॉलरच्या वरचं काँक्रीटचं काम कोणाला मिळणार हे टोळ्या ठरवत आणि दोन टक्के घेत. निविदा, संगनमत, टक्केवारी. आपल्याकडच्या पालिकेच्या बातम्या वाचणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कचरा उचलण्याचंही तेच. लाँग आयलंडवर कोणता कंत्राटदार कोणत्या दुकानाचा कचरा उचलणार हे लुकेसी कुटुंब ठरवायचं. त्या कामावर होता साल्व्हातोर अ‍ॅव्हेलिनो, प्रमुख टोनी कोरालोचा सारथी. १९८३मध्ये अ‍ॅव्हेलिनो एका जेवण-नाचाच्या समारंभात असताना तपास पथकाने बाहेर उभी असलेली त्याची जग्वार उघडली, डॅशबोर्डमागे ध्वनिग्राहक बसवला आणि गाडी होती तशी ठेवून दिली. पुढचे कित्येक महिने कोरालो त्या गाडीत बसून बोलत राहिला. कोण किती देतो, कोणाचे थकले, कोणत्या कुटुंबाचा वाटा केवढा. १९८६च्या खटल्यात ज्युरींना या फिती ऐकवल्या गेल्या. बचावाच्या वकिलांनीही माफिया अस्तित्वात आहे हे नाकारण्याचा नाद सोडला. जानेवारी १९८७मध्ये कोरालोला शंभर वर्षांची शिक्षा झाली.