उलुंदीची लढाई

आफ्रिकेच्या दक्षिण भागात झुलू लोकांचे स्वतंत्र राज्य होते. केचवायो हा तेथील राजा. शेजारच्या नाताळ प्रांतावर इंग्रजांचा अंमल होता आणि झुलूंचे बलाढ्य सैन्य त्यांच्या डोळ्यांत सलत होते. तेथील इंग्रज अधिकाऱ्यांत प्रमुख होते सर बार्टल फ्रिअर. पूर्वी साताऱ्याचे रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर होते, ते हेच. साताऱ्याचे राज्य खालसा करू नये, असे मत देणाऱ्या याच गृहस्थांनी डिसेंबर १८७८ मध्ये केचवायोला निर्वाणीचा खलिता धाडला. आपली सैन्यव्यवस्था मोडून टाकावी, अशी त्यात अट होती. कोणता राजा ती मान्य करील?

जानेवारीत युद्ध पेटले. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलूंनी इंग्रजांची छावणी लुटली व १३०० हून अधिक लोक मारले. सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या कीर्तीला काळिमा लागला. त्यांच्या जागी दुसऱ्या सेनापतीची नेमणूक झाली. पण तो येऊन पोहोचण्यापूर्वीच हा काळिमा धुऊन काढण्याचा चेम्सफर्ड यांनी चंग बांधला. केचवायोने तहासाठी हस्तिदंत धाडले, गुरे देऊ केली. ती बोलणी व्यर्थ गेली.

४ जुलै रोजी पहाटे सुमारे ५००० सैन्य नदी ओलांडून राजधानी उलुंदीसमोरच्या मैदानात आले. झुलूंची युद्धरीत बैलाच्या शिंगांसारखी असे. मधले सैन्य समोरून भिडे व दोन्ही बाजूंच्या फळ्या शत्रूला मागून वेढीत. यावर चेम्सफर्ड यांनी सैन्याचा पोकळ चौकोन रचला. चारही बाजूंना बंदुका, शिवाय तोफा. आत दारूगोळा व जखमी. ज्याला पाठच नाही, त्याला मागून वेढणार कसे? झुलू वीर पुन्हा पुन्हा धावून आले. आखूड दांड्याचे भाले त्यांच्या हाती होते, थोड्याफार जुन्या बंदुकाही होत्या. परंतु चौकोनाला एकही फळी भिडू शकली नाही. मग घोडेस्वार भाले रोखून बाहेर पडले. पाऊण तासात सारे संपले. इंग्रजांकडील मृत पंधराही भरले नाहीत. झुलूंचे १००० हून अधिक पडले. दुपारपर्यंत उलुंदी जळत होती.

केचवायो ऑगस्टमध्ये पकडला गेला. त्याच्या राज्याचे तेरा तुकडे करून ते वेगवेगळ्या सरदारांना वाटून देण्यात आले आणि त्यांच्यात यादवी माजली. १८८२ मध्ये तो इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटला. राज्याचा काही भाग त्याला परत मिळाला खरा. परंतु १८८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि १८८७ मध्ये झुलूंचा मुलूख इंग्रजांनी खालसा केला.