मौन म्हणजे संमती?

करार दोन्ही पक्षांच्या संमतीने होतो आणि संमतीनेच बदलतो, असे सामान्य माणूस धरून चालतो. क्रेडिट कार्डाचा करार मात्र या समजुतीत बसत नाही. वार्षिक शुल्क, विलंब आकार, सवलती इत्यादी बदलण्याचा अधिकार बँक प्रारंभीच स्वतःकडे राखून ठेवते. कार्डधारकाच्या हाती उरतो तो केवळ नकाराचा अधिकार.

थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. साहजिकच ग्राहकाला आपले संरक्षण रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच शोधावे लागते.

ते नियम अगदीच दुबळे नाहीत. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या दंडकानुसार आकारांतील बदल पूर्वलक्षी असू शकत नाही. त्याची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते. बदल जाचक वाटल्यास जादा आकार न देता कार्ड बंद करता येते. येणे बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी तिने ग्राहकाला ५०० रुपये द्यावयाचे असतात. मात्र सूचनेच्या मुदतीत ग्राहक गप्प राहिला, तर त्याची संमती गृहीत धरली जाते.

परंतु खरी मेख आहे ती 'येणे बाकी नसताना' या अटीत. समजा, ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये. ग्राहकाने २,५०० रुपये भरले, तरी मुद्दल घटते अवघे ४३५ रुपयांनी! अशा ऋणकोला दार उघडे असूनही बाहेर पडता येत नाही. ज्याला नकाराची गरज सर्वाधिक, त्यालाच तो परवडत नाही.

म्हणून ठरावीक वेतनावर संसार करणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. पहिले, दरमहा संपूर्ण देयक फेडावे. किमान रकमेच्या सोयीला भुलू नये. दुसरे, बँकेची प्रत्येक सूचना वाचून जपून ठेवावी आणि नकार लेखी कळवावा. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

कायद्याने नकाराचा हक्क दिला आहे. तो बजावण्याचे सामर्थ्य मात्र ऋणमुक्त राहूनच टिकवावे लागते.